आत्याचा रेडिओग्राम : इतक्या वर्षांनी जुन्या व्हॉल्व्हना पुन्हा वीज द्यावी का?

शांतस्वर (प्रश्न)

माझ्या आत्याकडे बैठ्या कपाटाएवढा एक रेकॉर्ड प्लेअर होता. घरात सगळे त्याला रेडिओग्राम म्हणत. डावीकडचे झाकण उचलले की आत चार वेगांचा चेंजर (तबकड्या फिरवणारा आणि एकामागून एक आपोआप लावणारा भाग), उजवीकडे रेडिओची लांबट काचेची पट्टी आणि खाली विणीच्या कापडामागे दोन्ही टोकांना एकेक मोठा स्पीकर. बटण दाबताच तो कधी वाजत नसे. आधी पट्टीमागे पिवळसर उजेड येई, मग मॅजिक आयची, म्हणजे रेडिओचे स्टेशन नीट लागले का ते दाखवणाऱ्या दिव्याची, हिरवी रेघ उमटे, मग पाठीमागून तापलेल्या धुळीचा आणि लाकडाचा वास सुटे, आणि अर्ध्या मिनिटाने कापडामागून अगदी बारीक गुणगुण ऐकू येई. तेवढ्या वेळात आत्या तबकडी पाकिटातून काढून, तिच्या कडेला तळवे टेकवून उभी असे, आणि जमिनीवर पाय आपटायचे नाहीत अशी ताकीद आम्हा मुलांना मिळे.

आत्या गेल्यावर ते यंत्र माझ्याकडे आले. वीस वर्षांहून अधिक काळ त्याला वीज मिळालेली नाही. पाठीमागचा पुठ्ठा काढून पाहिले, तर ॲम्प्लिफायरमध्ये चार ईएल84, दोन ईसीसी83 आणि एक जीझेड34 असे व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या नळ्या, जागेवर आहेत. रेडिओच्या भागातले वेगळे. एका तंत्रज्ञाला दाखवले असता त्याने सल्ला दिला, की आतले सगळे काढून टाकावे, नवा ॲम्प्लिफायर आणि ब्लूटूथ बसवावे, पेटी तेवढी चांगली आहे. मला तो सल्ला पटला नाही, पण का पटला नाही हेही नीट सांगता येत नाही. म्हणून येथे दोन गोष्टी विचारतो. हे यंत्र मूळ रूपात पुन्हा वाजते करणे शहाणपणाचे आहे का? आणि त्याचा जो भरदार, जवळचा आवाज मला आठवतो, तो खरोखर तसा होता, की ती केवळ लहानपणाची माया आहे? माझे मन राखण्यासाठी उत्तर देऊ नये, ही विनंती.

मंदप्रकाश

सर्वांत आधी एक गोष्ट : यंत्राला वीज देऊ नका. "बघू तरी लागते का" म्हणून एकदा बटण दाबण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि चांगली यंत्रे जळतात ती त्याच क्षणी.

कारण व्हॉल्व्ह नव्हे, कॅपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारे भाग, आहेत. व्हॉल्व्ह कल्पनेपेक्षा फार टिकाऊ असतात. वीस वर्षे पडून राहिल्याने त्यांचे सहसा काही बिघडत नाही. पण वीजपुरवठ्यातील मोठे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर वापराविना निकामी होतात. त्यांच्या आतील पातळ ऑक्साइडचा थर झिजतो, द्रव वाळतो, आणि एकदम तीनशे व्होल्टचा दाब आला की ते शॉर्ट होऊन रेक्टिफायर (उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेने वळवणारा व्हॉल्व्ह, येथे जीझेड34) किंवा ट्रान्सफॉर्मर घेऊन जातात. दुसरा आणि अधिक कपटी शत्रू म्हणजे कागदी कपलिंग कॅपॅसिटर. ईसीसी83 च्या प्लेटवरचा (जिथून संकेत बाहेर पडतो) उच्च दाब अडवून केवळ ध्वनीचा संकेत ईएल84 च्या ग्रिडपर्यंत (जिथे संकेत आत जातो) जाऊ देणे हे त्यांचे काम. जुना कागद ओल धरतो आणि थोडा दाब पुढे झिरपू लागतो. ग्रिडवर काही व्होल्ट जरी धन दाब आला, तरी ईएल84 मधून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहतो, तिची प्लेट लाल होते, आणि व्हॉल्व्ह व स्पीकर यांना जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर धोक्यात येतो. व्हॉल्व्ह बदलून मिळतो. त्या यंत्रासाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर मिळणे कठीण.

तेव्हा इलेक्ट्रोलिटिक आणि कागदी कॅपॅसिटर सरसकट बदला, कागदींच्या जागी फिल्मचे बसवा. मायका आणि सिरॅमिक कॅपॅसिटरना विनाकारण हात लावू नका. कार्बनच्या रोधकांचे (रेझिस्टरचे) मूल्य वयाबरोबर वाढत जाते. प्रत्येक मोजा आणि जे लिहिलेल्या मूल्याच्या 20 टक्क्यांहून अधिक सरकले असतील तेवढेच काढा. त्यानंतर पहिली वीज देताना 60 किंवा 100 वॉटचा तारेचा दिवा यंत्राशी एकसरीत जोडा, म्हणजे वीज दिव्यातून जाऊनच यंत्राला मिळेल. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. भडक पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि तो सारा भार दिव्याने स्वतःवर घेतल्यामुळे यंत्र वाचले आहे.

आणखी दोन नियम मोडू नका. प्लग काढल्यानंतरही कॅपॅसिटरमध्ये प्राणघातक दाब साठून राहू शकतो, म्हणून तो रोधकातून उतरवून, मीटरने मोजून मगच आत हात घाला. या कामाचा सराव नसेल, तर व्हॉल्व्हवर पूर्वी काम केलेल्या माणसाला शेजारी बसवा. दुसरे, स्पीकर जोडलेला नसताना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर कधीही चालवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला भार मिळाला नाही की त्यात उसळणारा दाब त्याचेच आवरण फोडतो.

चार ईएल84 म्हणजे प्रत्येक बाजूला दोन, पुश-पुल पद्धतीने, म्हणजे दोघी आळीपाळीने भार उचलत, साधारण दहा वॉट किंवा थोडे अधिक. जोडीला जीझेड34. बनवणाऱ्याने येथे हात आखडता घेतलेला नाही. असे ॲम्प्लिफायर काढून टाकण्याचा सल्ला मी कधीच देणार नाही.

गाभारा

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यावेसे वाटते, कारण तो प्रश्न मी स्वतःला अनेक वर्षे विचारत आलो आहे.

आवाज खरोखर वेगळा होता. त्यात माया होती हे खरे, पण केवळ माया नव्हती. ईएल84 सारख्या पेंटोडचा (पाच विद्युतअग्रांच्या व्हॉल्व्हचा) आउटपुट ट्रान्सफॉर्मर आजच्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरइतकी घट्ट पकड स्पीकरवर ठेवत नाही, त्यामुळे खालचे स्वर थोडे गोलाई घेऊन येतात आणि किंचित लांबतात. आवाज क्षमतेबाहेर गेला तरी व्हॉल्व्ह एकदम कापत नाही, हळूहळू चेपत जातो, आणि कानाला ती चेपण फारशी बोचत नाही. स्पीकर हलक्या कागदी कोनाचे आणि चांगल्या संवेदनशीलतेचे असत, म्हणून दहा वॉटमध्ये खोली भरून जाई. शिवाय पेटीची पाठ फक्त पुठ्ठ्याची, जवळजवळ उघडीच. स्पीकरचा आवाज मागूनही निघे, भिंतीवर आपटून परत येई, आणि एखाद्या छिद्रातून न येता खोलीच्या त्या सगळ्या बाजूने आल्यासारखा वाटे. आपल्याला आठवणारा "जवळचा" आवाज तो हाच असावा.

आता तुम्ही खरे उत्तर मागितले आहे, म्हणून पुढचेही लिहितो. बारकाव्यांत हे यंत्र आजच्या साध्या स्टिरिओपुढेही कमी पडेल. अतितार स्वर मऊ पडतील, दोन्ही स्पीकर एकाच पेटीत असल्याने डावे-उजवे फारसे उलगडणार नाही, आणि थोडी गुणगुण राहीलच. मला त्याचे दुःख नाही. माणसाचा गळा आणि सारंगी, व्हायोलिन, क्लॅरिनेट यांसारखी वाद्ये ज्या पट्ट्यात बोलतात, तेवढ्या पट्ट्यात ही यंत्रे इतके मनापासून बोलतात, की मी अनेकदा नवे यंत्र बंद करून जुन्यासमोर जाऊन बसलो आहे.

पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. उष्णता बाहेर पडेल, आणि अंतर कमीजास्त केल्यावर खालच्या स्वरांचा भरणाही बदलताना ऐकू येईल.

सुईधार

वरच्या दोन्ही उत्तरांत चेंजर राहून गेला, आणि तबकड्यांचे नुकसान होते ते तिथेच.

आपल्या चेंजरच्या चार वेगांत तबकड्यांचा सगळा इतिहास सामावलेला आहे : लाखेच्या तबकड्यांसाठी 78, 1948 मध्ये आलेल्या एलपीसाठी 33⅓, पुढच्याच वर्षी आलेल्या लहान तबकड्यांसाठी 45, आणि बोललेल्या मजकुरासाठी 16⅔. या खाचा एका मापाच्या नाहीत. 78 च्या खाचेला सुमारे 75 मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते, मोनो एलपीला 25, आणि 1958 पासून बाजारात आलेल्या स्टिरिओ तबकड्यांना त्याहून बारीक, सुमारे 18. म्हणूनच त्या काळच्या काडतुसांना (सुई धरून तिच्या थरथरीचा विजेचा संकेत बनवणाऱ्या भागांना) बऱ्याचदा एक लहानशी कळ असे; ती फिरवली की एका बाजूची सुई जाऊन दुसरी खाली येई. आपल्याकडे ती कळ आहे का ते पाहा, आणि एलपीवर 78 ची सुई चुकूनही टेकवू नका. जुनी सुई नीलमण्याची असल्यास ती झिजलेली आहे असेच धरून चाला व हिऱ्याची घ्या.

काडतूस स्फटिकाचे असेल तर ते बहुधा मेलेले असेल. त्यातील रोशेल क्षार दमट हवेत विरघळत जातो, त्याला इलाज नाही. सिरॅमिक असेल तर आशा आहे. चुंबकीय काडतूस मात्र सरळ बसवता येणार नाही : सिरॅमिक काडतूस अर्ध्या व्होल्टच्या आसपास संकेत देते, चुंबकीय जेमतेम पाच मिलिव्होल्ट, आणि आपले ॲम्प्लिफायर पहिल्यासाठी आखलेले आहे.

यांत्रिक भागात जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असणार. काडतूस धरणारा हात मध्येच अडकला तर जोर लावू नका. ग्रीस पूर्ण पुसून, धुऊन नवे लावा. मोटरची गती तबकडीच्या ताटापर्यंत नेणाऱ्या रबरी चाकाचा पृष्ठभाग चकचकीत आणि कडक झाला असेल तर वेग घसरतो आणि घरघर ऐकू येते. चाक मोटरच्या दांड्याला टेकलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे राहिले असेल तर त्यावर खळगा पडतो आणि प्रत्येक फेऱ्यात ठक् असा आवाज येतो. असे चाक पुन्हा रबर चढवूनच घ्यावे लागते. यंत्र हलवताना चेंजरचे स्क्रू आवळले होते का, हेही आठवा. वाजवण्यापूर्वी ते सैल करून चेंजर स्प्रिंगांवर तरंगू द्यायला हवा, नाहीतर स्पीकरची थरथर सुईत शिरून पेटी स्वतःच घुमू लागेल. आत्या पाय आपटू देत नसत, त्यामागेही याच स्प्रिंगा होत्या.

एक शेवटची तपासणी : मोटरवरच्या पट्टीवर हर्ट्झचा, म्हणजे विजेच्या दर सेकंदाच्या आवर्तनांचा, आकडा वाचा. 60 हर्ट्झची मोटर आपल्याकडच्या 50 हर्ट्झवर सहावा भाग हळू फिरते, म्हणजे 33⅓ चे जवळजवळ 28 होतात. व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर हे दुरुस्त करत नाही. दांड्यावरची पुली बदलावी लागते.

जुनेपान

तुम्हाला मिळालेला सल्ला मीही मानला होता. दहा वर्षांपूर्वी वडिलांच्या यंत्रातले सगळे काढून नवे बसवले. पेटी आजही सुंदर दिसते आणि आवाज स्वच्छ येतो, पण तिच्यासमोर कोणी बसत नाही. काढलेले भाग मी ठेवले नाहीत, याची खंत रोज वाटते. तुमच्या हातात अजून ते आहेत.

शांतस्वर

सर्वांचे मनापासून आभार. तीन महिने लागले, म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला.

व्हॉल्व्हचे काम जाणणारे एक वयस्क गृहस्थ भेटले आणि मंदप्रकाश यांनी लिहिल्याप्रमाणे आम्ही दोघांनी मिळून कॅपॅसिटर बदलले. काढलेल्या चार कागदी कपलिंग कॅपॅसिटरपैकी तीन झिरपत होते. सर्व व्हॉल्व्ह चांगले निघाले. मोटर 50 हर्ट्झचीच आहे. काडतूस सिरॅमिक आहे, कळही आहे, फक्त सुई नवी घेतली. रबरी चाकावर खळगा होता, ते रबर चढवायला पाठवले आहे. तोवर चेंजर बंद ठेवला आहे.

पण काल रात्री रेडिओ लावला. एकसरीतला दिवा उजळला आणि मंदावला. मॅजिक आय पूर्वीपेक्षा बरीच फिकी झाली आहे, अंधार केल्यावरच दिसते. सुमारे अर्ध्या मिनिटाने कापडामागून ती गुणगुण आली. माझी मुलगी शेजारी उभी होती. यंत्र बिघडले आहे का, असे तिने विचारले. मी तिला म्हटले, "नाही, तापते आहे, थांब."

सुईधार यांना एक प्रश्न : चाक परत आल्यावर हाताचा भार किती ठेवावा? सिरॅमिक काडतुसासाठी पाच ते सहा ग्रॅम वाचले आहे, पण आत्याच्या स्टिरिओ तबकड्या त्याखाली झिजतील अशी भीती वाटते.

सुईधार

पाच ग्रॅमपासून सुरुवात करा. भार त्याहून कमी केला तर सुई खाचेत नीट बसत नाही, उड्या मारते, आणि उडणारी सुई पाच ग्रॅमपेक्षा अधिक नुकसान करते. काडतूस स्टिरिओचे आहे याची खात्री करून घ्या. मोनो काडतूस वरखाली लवचीक नसते आणि स्टिरिओ खाच खरवडते. पहिल्या दिवशी आत्यांची आवडती तबकडी लावू नका, एखादी कमी मोलाची लावा, पाच-सहा वेळा वाजवा, आणि भिंगाखाली सुईच्या टोकावर काळा चुरा जमतो का ते पाहा. जमला नाही तर दुसऱ्या दिवशी आवडती तबकडी काढा.