चौथीतला मुलगा तोंडी सगळे सांगतो, वहीत मात्र उतरत नाही. शाळेकडे काय मागावे?

प्रश्न (एक आई, राजारामपुरी)
माझा मुलगा नऊ वर्षांचा असून मराठी माध्यमात चौथीत शिकतो. पन्हाळ्याचा वेढा आणि बाजीप्रभूंनी लढवलेली खिंड यांची हकीकत तो आजोबांना रंगवून सांगतो; तोच प्रश्न चाचणीत आला तेव्हा त्याने दोनच ओळी लिहिल्या आणि त्यांतही ‘घोडखिंड’चे ‘धोडखिड’ झाले होते. फळ्यावरचे उतरवताना त्याच्या मधल्या ओळी गळतात. गेल्या महिन्यात मानसतज्ज्ञांनी चाचण्या घेऊन अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात येणारी अडचण) असल्याचा अहवाल दिला. वर्गशिक्षिकांचे म्हणणे मात्र असे की, मुलगा हुशार आहे, आळस करतो, घरी जास्त लिहून घ्या. त्याप्रमाणे रोज दोन पाने लिहून घेतली, तर आता तो दप्तर उघडतानाच रडतो. शाळेकडे नेमके काय मागावे आणि हा खासगी अहवाल पुरेसा आहे का?

उत्तर (विशेष शिक्षिका, करवीर तालुका)
ताई, ती दोन पाने आजपासून बंद करा. ज्या कामात अडचण आहे तेच काम दुप्पट दिल्याने अक्षर सुधारत नाही, धास्ती मात्र वाढते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. त्याच्या कलम १६ नुसार अशी अडचण लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापनाचे उपाय करणे हे शिक्षणसंस्थेचे कर्तव्य ठरते. म्हणून ही मदत उपकार म्हणून मागू नका. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज करा, अहवालाची प्रत जोडा आणि पोहोच घ्या. अर्जात मोघम ‘लक्ष द्यावे’ असे न लिहिता, फळ्यावरचा मजकूर छापील मिळावा, इतिहास व परिसर अभ्यासाची काही उत्तरे तोंडी घ्यावीत, चाचणीला वाढीव वेळ द्यावा आणि वर्गासमोर अचानक मोठ्याने वाचायला लावू नये, असे स्पष्ट लिहा. शेवटची गोष्ट लहान वाटते, पण मुले शाळा टाळू लागतात ती बहुधा तिथूनच.

वर्गातल्या मदतीची बोलणी सुरू करायला अहवाल पुरतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मात्र शासकीय यंत्रणेकडूनच मिळते. त्यासाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर (संकेतस्थळावर) अर्ज करावा लागतो. जाण्यापूर्वी सीपीआरमध्ये (कोल्हापूरच्या शासकीय रुग्णालयात) तपासणीचा वार विचारून घ्या, म्हणजे मुलाचा हेलपाटा वाचेल.

उत्तर (एक पालक, इचलकरंजी)
आमच्या मुलीच्या वेळी शाळा ‘दहावीला बघू’ म्हणत राहिली आणि आम्हीही थांबलो, ही मोठी चूक झाली. दहावीला शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे सवलतींचा प्रस्ताव गेला, तीन तासांच्या पेपरला एक तास वाढीव मिळाला, नववीतली एक मुलगी लेखनिक म्हणून मिळाली. पण दुसऱ्याला उत्तर सांगून लिहून घेण्याची सवयच मुलीला नव्हती, त्यामुळे पहिल्या सराव परीक्षेत ती निम्म्या वेळेत गप्प झाली. उत्तर मनात जुळवणे, सावकाश सांगणे, लिहिलेले परत वाचून घेणे, हे सगळे शिकावे लागते. तुमच्या मुलाला सांगण्याची हातोटी आहेच, तेव्हा आत्तापासून तुम्ही त्याचे लेखनिक व्हा.

प्रश्नकर्त्या आई
आपणा दोघांचे मनापासून आभार. अर्ज आज दिला, पोहोचेवर शिक्का घेतला. शनिवारी मुख्याध्यापकांनी बोलावले आहे. अहवालाबरोबर चाचणीची उत्तरपत्रिका आणि आजोबांना गोष्ट सांगतानाचे त्याचे ध्वनिमुद्रण, दोन्ही घेऊन जाणार आहे.