गावाकडची मांजरं रात्री सुरक्षित कशी ठेवता?

गावात मांजर रात्री बाहेर पडतं आणि परत येत नाही. ‘येईल फिरून’ म्हणत दोन दिवस वाट बघायची, की विषय संपला. तो असा संपू नये असं मला मनापासून वाटतं. तुमच्याकडे मांजराला धोका कशाचा आणि कोणता उपाय खरंच लागू पडला, ते लिहा.

ओतूर, ता. जुन्नर
आमच्याकडे बिबट्या. उसातच राहतो, उसातच वितो. मांजर तिन्हीसांजेला उंदरामागे बांधावर जातं आणि हाही त्याच वेळी निघतो. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता. वजनाच्या हिशेबाने त्याच्या खाण्यात ३९ टक्के कुत्री आणि १२ टक्के मांजरं निघाली. शेळ्या ११ टक्केच, आणि शेळ्या तर गावात कुत्र्यांच्या कितीतरी पट! कारण शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात. मग मांजराला का नको?

आम्ही दुपारचं खाणं अगदी कमी केलं. पोटभर सुकट-भात दिवस मावळायच्या आत आणि घरातच. मांजरं खात असतानाच दार लावायचं. आता त्या वेळेला ती आपणहून उंबऱ्याशी येऊन बसतात. ऊसतोड सुरू झाली की फडातला बिबट्या जागा बदलतो, तेव्हा तर एकही संध्याकाळ चुकवत नाही.

देवगड
बिबट्या इथेही आहे, पण आमची जास्त मांजरं फुरशाने गेली. पालापाचोळा, चिऱ्यांचे ढीग, तिथे मांजर पंजा घालतं. घराभोवतीचा पाचोळा झाडून लांब टाकतो, चिरे पडवीला लागून रचत नाही. पंजा सुजला की झाडपाल्यात वेळ घालवू नका, थेट जनावरांच्या डॉक्टरकडे. एक कळकळीची विनंती: पडवीला मासेमारीचं जुनं जाळं लावू नका. त्यात साप अडकून मरतात. बारीक भोकांची तारेची जाळी लावा.

वरोरा
भटक्या कुत्र्यांची टोळी. मातीच्या भिंतीवर मांजर सरसर चढायचं, सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीवर नखं रुतत नाहीत. आम्ही अंगणात लाकडी खांब उभा केला, त्याला सुतळी गुंडाळली आणि वरून टिनाच्या छपरापर्यंत फळी टाकली. जीव वाचवायला मांजराला दोन उड्यांत उंची मिळाली पाहिजे.

कराडजवळ
पिल्लं असतील तर बोक्याला विसरू नका, परका बोका पिल्लं मारतो. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते ती उगाच नाही. वर झाकण असलेली मोठी डालगी आणि बंद खोली. आणि नसबंदी करून घ्या. बोका लांब भटकायचा कमी होतो, मारामाऱ्याही कमी.

संगमनेर
ओतूरच्या ताई, आमचं मांजर कोंडलं की रात्रभर दार ओरबाडतं. काय करू?

ओतूर
दादा, पहिले काही दिवस ओरडेलच, तेवढ्यात दार उघडू नका. उघडलं की ओरडल्यावर दार उघडतं हे ते शिकतं. घमेल्यात वाळू ठेवा, पाणी ठेवा, आणि बसायला उंच फळी. खिडकीला जाळी असेल तर फळी खिडकीशीच ठोका, बाहेरचं बघत बसेल.