प्रथिनाची घडी घालतात की बसते?

प्रश्न

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराची माहिती रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मराठीत लिहितो आहे. आजाराचं मूळ एका प्रथिनात आहे. १४८० अमिनो आम्लांची ती साखळी, आणि बऱ्याच रुग्णांत तिच्यातलं ५०८वं, म्हणजे फेनिलअ‍ॅलानिन, गळालेलं असतं. एवढ्या एका दुव्यापायी साखळीला हवा तो आकार येत नाही. पेशी ते प्रथिन सदोष ठरवून मोडीत काढते आणि ते पेशीच्या पृष्ठभागापर्यंत फारसं पोचतच नाही.

साखळीला असा आकार येण्याच्या क्रियेला इंग्रजीत 'फोल्डिंग' म्हणतात. मी लिहिलं होतं, 'या प्रथिनाला घडी नीट घातली जात नाही.' मोठ्याने वाचलं आणि अडलो. घडी घालायला कुणीतरी लागतं, इथे घालणारं कोण? 'दुमडणे' म्हटलं की कागदाचा कोपरा डोळ्यांसमोर येतो. 'घडण' हा शब्द आवडला होता, पण तो ऐकला की लोकांना तयार झालेली रचना कळते, ती तयार होण्याची क्रिया नाही. चार दिवस याच एका शब्दाशी झगडतो आहे. काय लिहावं?

प्रतिसाद

नाम राहू द्या, क्रियापद बदला. घडी आपण घालतो, तशी ती बसतेही. कामाची घडी बसते, नव्या संसाराची घडी बसते. प्रथिनाचं तसंच आहे.

ख्रिश्चन अ‍ॅनफिन्सेन या जीवरसायनशास्त्रज्ञांचा प्रयोग पाहा. त्यांनी रायबोन्यूक्लिएज हे १२४ अमिनो आम्लांचं विकर, म्हणजे एन्झाइम, घेतलं. युरिया वापरून आणि त्यातले गंधकाचे चार बंध तोडून त्याचा आकार पार घालवला. विकर निकामी झालं. मग ती रसायनं काढून टाकली, तर साखळी आपली आपण पहिल्या आकारात आली आणि पुन्हा काम करू लागली. बाहेरून कुणी काही वळवलं नव्हतं. कोणत्या दुव्यामागे कोणता दुवा, या क्रमातच आकार ठरलेला होता. या कामासाठी त्यांना १९७२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

युरियाने त्या साखळीचं जे झालं त्याला जडजंबाल संस्कृत शब्द शोधत बसू नका. घडी विस्कटली, एवढं पुरतं.

प्रश्नकर्ता

पण पेशीत मदतनीस प्रथिनंही असतात ना? मग ती घडी घालतात असं म्हणता येईल का?

प्रतिसाद

नाही म्हणता येणार. पेशीत दाटी फार असते. अर्धवट आकाराला आलेली साखळी शेजारच्या साखळीत गुंतू नये, म्हणून ती प्रथिनं तिला सांभाळतात. आकार काय असावा हे त्यांना ठाऊक नसतं. घडी बसेपर्यंतचा आडोसा म्हणा.

आणखी एक प्रतिसाद

'घडी बसणे' मला पटलं, पण दोन ठिकाणी जपा.

पहिलं म्हणजे, विस्कटलेली घडी आणि चुकीची बसलेली घडी एक नव्हे. प्रायॉन हे मेंदूचे आजार घडवणारं प्रथिन पाहा. अमिनो आम्लांचा क्रम निरोगी प्रथिनाचाच, आकार मात्र वेगळा. तो इतका पक्का असतो की प्रथिनं पचवणाऱ्या विकरांनाही सहजी दाद देत नाही, वर शेजारच्या चांगल्या प्रथिनांना आपल्यासारखं करून सोडतो. याला 'विस्कटणे' म्हटलं तर वाचकाला नेमका उलटा अर्थ कळेल. इथे 'चुकीची घडी पक्की बसली' असंच लिहायला हवं.

दुसरं, प्रथिनाच्या प्रत्येक आजाराला घडीचा दोष चिकटवू नका. सिकल सेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. घडी व्यवस्थित बसलेली असते. पण ऑक्सिजन सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटत जाऊन लांब दोर तयार होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी होते.

प्रश्नकर्ता

हा फरक माझ्या ध्यानातच आला नव्हता. पुढच्या परिच्छेदात औषधं येतात. प्रथिनाच्या पृष्ठभागावर औषधाचा रेणू जिथे जातो, त्या जागेला मी 'खिसा' म्हटलं आहे आणि रेणू तिथे 'बांधला जातो' असं लिहिलं आहे.

प्रतिसाद

खिसा नको. खिशात काहीही मावतं. 'खोबण' घ्या, डोळ्याची असते तशी. आणि औषध खोबणीत बसतं, बांधलं जात नाही. चपखल बसतं, सैल बसतं, बसतच नाही. औषध घडवणाऱ्यांना जे मोजायचं असतं ते सगळं या एका क्रियापदात मावतं.

कुलूप-किल्लीची उपमा जपून वापरा. एमिल फिशर यांनी ती १८९४ मध्ये दिली, पण कुलूप हलत नाही आणि प्रथिन हलतं. रेणू येताना विकरही आकार बदलतं, ही कल्पना डॅनिएल कॉशलँड यांनी १९५८ मध्ये मांडली. रक्ताच्या एका कर्करोगावरचं इमॅटिनिब २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. ते आपल्या लक्ष्य-विकराच्या निष्क्रिय आकारातल्या खोबणीत बसतं आणि त्याला त्याच आकारात अडकवून ठेवतं. तेव्हा खोबण दगडात कोरल्यासारखी वाटू देऊ नका.

अ‍ॅस्पिरिनला मात्र 'बसतं' पुरत नाही. ते आपला एक तुकडा विकरावर कायमचा चिकटवून जातं. बिंबिकांना, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्सना, केंद्रक नसतं, त्यामुळे त्यांना नवं विकर फारसं बनवता येत नाही आणि ती बिंबिका असेपर्यंत परिणाम टिकतो. बसणारं उठू शकतं, चिकटलेलं नाही.

प्रश्नकर्ता

आभार. आता असं लिहिलं आहे: 'साखळीतला एक दुवा गळाल्यामुळे या प्रथिनाची घडी नीट बसत नाही आणि पेशी ते मोडीत काढते. लुमाकाफ्टर, टेझाकाफ्टर ही औषधं प्रथिनाच्या एका खोबणीत बसतात आणि घडी बसायला आधार देतात.' आधी या औषधांना मी 'सुधारक' म्हटलं होतं. गळालेला दुवा ती परत आणत नाहीत, म्हणून तो शब्द काढला.