बांगलादेशातून टी-शर्ट मागवतोय. सर्टिफिकेट सोडून काय विचारू?

मिरजकरीण:
आमची लहान मुलांच्या कपड्यांची दोन दुकानं आहेत, एक सांगलीत, एक मिरजेत. आजवर माल तिरुपूर नाहीतर उल्हासनगरचा. यंदा पाच दुकानदारांनी मिळून बांगलादेशातून थेट मागवायचं ठरवलंय. राउंड नेक, १६० जीएसएम (म्हणजे चौरस मीटर कापडाचं वजन १६० ग्रॅम), छातीवर डायनासोरची प्रिंट, एकूण सहा हजार नग. मे २०२५ पासून तिकडचे तयार कपडे जमिनीवरून आणायला बंदी आहे, न्हावा शेवा किंवा कोलकाता बंदरातूनच आणावे लागतात. तो खर्च धरूनही तिरुपूरपेक्षा स्वस्त पडतंय, आणि तेच मला खटकतंय.

एजंटने कारखान्याचा व्हिडिओ पाठवला. त्यात टेबलाच्या कडेला एक मुलगी खाली बसून धागे कापतेय. माझी धाकटी आठवीत आहे, तेवढीच वाटली. विचारलं तर म्हणे, "आपा, हेल्पर आहे, अठरा पूर्ण." आणि लगेच पीडीएफ सर्टिफिकेट आलं, सोनेरी शिक्क्यासकट. आमचे हे म्हणतात, सहा हजार नगांचं गिऱ्हाईक, तुला कोण विचारतो! पण निदान काय विचारायचं ते तरी कळू दे.

पेठेतला_दुकानदार:
ताई, तिरुपूरचं सूत कुठून येतं ते कधी विचारलंत का? तामिळनाडूच्या सूतगिरण्यांत गरिबाघरच्या मुलींना 'सुमंगली' म्हणून तीन-तीन वर्षं हॉस्टेलात ठेवून राबवायचे, शेवटी लग्नासाठी एकरकमी पैसे देऊ म्हणून. मधेच आजारी पडून घरी गेली की पैसे बुडाले. स्वस्त कापडाखाली कोणीतरी दबलेलं असतंच. मी विचारायचं सोडून दिलंय.

जुना_क्यूसी:
पेठकर, सोडून द्यायला हरकत नाही, पण ताई विचारतायत तर सांगतो. मुंबईच्या एका बायिंग हाऊसमध्ये, म्हणजे ब्रँडसाठी माल करवून घेणाऱ्या कंपनीत, अकरा वर्षं क्यूसी केलं, म्हणजे मालाची तपासणी. ढाक्याजवळच्या गाझीपूर-आशुलियाच्या फेऱ्या मोजल्या नाहीत.

सर्टिफिकेट असतं एका पत्त्याचं. तुमचे नग त्याच पत्त्यावर शिवले जातील असं त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. आणि त्या पत्त्याचीही खात्री किती? कराचीच्या बलदिया टाऊनमधल्या कारखान्याला एसए ८०००, म्हणजे कामगारांना नीट वागवत असल्याचं सर्टिफिकेट, मिळून काही आठवडे झाले होते, तेवढ्यात ११ सप्टेंबर २०१२ ला आग लागली. अडीचशेहून जास्त माणसं गेली. आग लावली की लागली हा खटला वेगळा, पण खिडक्यांना गज होते आणि दारं बंद होती.

तेव्हा पहिला प्रश्न: माझा माल नक्की कुठल्या मजल्यावर, कुठल्या लाइनवर शिवणार? सहा हजार नग मोठ्या कारखान्याला परवडत नाहीत. ऑर्डर घेतो तो आणि शिवतो दुसराच. माझ्याच बाबतीत झालंय. तपासणीला गेलो तर लाइनवर आमच्या स्टाइलचे चारच नग, तेही दाखवायला लावलेले. हट्ट धरला तेव्हा रिक्षाने एका गल्लीत नेलं. खाली मिठाईचं दुकान, वर दोन मजले शिलाई, जिना एकच. त्या जिन्यात छातीपर्यंत खोकी रचलेली, आडवं होऊन वर जावं लागलं. खोक्यांवर शिपिंग मार्क आमचाच. शिपमेंट आधीच लेट होती. मी मापं घेतली, शिलाई ओढून पाहिली, माल पास केला आणि सही केली. माझ्या फॉर्मवर जिन्याचा रकाना नव्हता.

दुसरं, भाव फोडून मागा. सीएम, म्हणजे नुसती कापाई-शिलाई, वेगळी लिहून घ्या. डझनाचा आकडा देतील, बाराने भागा. तिथल्या गारमेंटचं किमान वेतन डिसेंबर २०२३ पासून महिना १२,५०० टका आहे. २६ दिवस, आठ तास, म्हणजे २०८ तास. मिनिटाला एक टका पडतो. साधा टी-शर्ट कागदावर सात-आठ मिनिटांचा, लाइन निम्म्या वेगाने चालली तर पंधरा. म्हणजे मशीनवरच्या बाईचेच पंधरा टका झाले. हेल्पर, इस्त्री, पॅकिंग, वीज, भाडं सगळं त्याच्या वर. सीएम पंधराच्या आसपासच दिसला तर फरक कोणाच्या पगारातून निघतोय ते उघड आहे.

तिसरं, तिकडे सुट्टी शुक्रवारी. व्हिडिओ कुठल्या वारी काढलाय ते बघा.

कारखान्याचं नाव मिळालं की आरएससीच्या साइटवर टाका. २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कारखान्यांची इमारत कोसळली, त्यानंतर ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये इमारतींच्या सुरक्षेचा जो करार (अकॉर्ड) झाला, त्याचं तिथलं काम २०२० पासून हीच संस्था बघते. कुठल्या इमारतीत कुठली दुरुस्ती बाकी आहे ते कोणालाही फुकट वाचता येतं. नाव नसेल तर लगेच वाईट समजू नका. मोठ्या ब्रँडचं काम न करणारे कारखाने त्यात नसतात.

आणि त्या मुलीचं. "तिला काढा" असं मात्र लिहू नका. १९९३ च्या सुमारास अमेरिकेत बालमजुरीच्या मालावर बंदीचं विधेयक आलं, तेव्हा ढाक्यातल्या मालकांनी घाबरून हजारो पोरं एका झटक्यात काढली. त्यातली कितीतरी विटा फोडायला लागली. पुढे १९९५ मध्ये मालकांची संघटना, आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि युनिसेफ यांचा करार झाला: पोराला शाळेत घाला, महिन्याला थोडे पैसे द्या, मग कामावरून काढा. वयाचा कागद मागा. चौदाच्या आतली निघाली तर शाळेचं आणि तिच्या घरच्या पगाराचं काय, हेही त्याच पत्रात विचारा.

पेठेतला_दुकानदार:
क्यूसी साहेब, सही केलीत हे इथे लिहिलंत, एवढं कोणी लिहीत नाही.

मिरजकरीण:
दादा, विचारलं. आधी दोन दिवस उत्तर नाही. मग पत्ता आला तो सर्टिफिकेटवरचा नाहीच, पोलीस ठाण्याची हद्दसुद्धा वेगळी. सीएम फोडून मागितल्यावर म्हणाला, "मेन फॅक्टरीत"च हवं असेल तर नगामागे नऊ रुपये जास्त. पाचांतला एक दुकानदार तिथेच गळाला. मुलीच्या वयाचं अजून काही आलेलं नाही, रोज विचारतेय.

जुना_क्यूसी:
नऊ रुपये सांगितले म्हणजे पहिला भाव कुठला होता ते त्यानेच कबूल केलं. आता एक तुमच्याकडचं. सँपल पास झाल्यावर काही बदललंत का?

मिरजकरीण:
हो. परवा डायनासोर हिरव्याचा निळा करायला सांगितला. आणि तारीख तीच ठेवली, शाळा सुरू व्हायच्या आत माल हवा म्हणून.

जुना_क्यूसी:
मग ती रात्रपाळी तुमच्या नावावर.

मिरजकरीण:
हिरवाच राहू दे असं आत्ताच कळवलं. शिवाय दहा दिवस वाढवून दिलेत. आमच्या ह्यांना अजून सांगितलेलं नाही.