पश्चिमाभिमुख भूखंडावर गार राहणारे घर : सोलरच्या आधी काय करावे?

कृष्णाकाठ :
तासगावात आमचा ४० बाय ६० फुटांचा भूखंड असून रस्ता पश्चिमेला आहे. दर्शनी बाजूस मोठ्या काचा, तिन्ही खोल्यांत एसी आणि त्यांचे बिल भरून निघावे म्हणून गच्चीवर ३ किलोवॅटचे सोलर, असा आराखडा ठेकेदाराने दिला आहे. आजोबांचे माळवदी घर एप्रिलच्या दुपारीही पंख्यावाचून निभावत असे. सोलरचा खर्च करण्याआधी घराच्या रचनेतच काही बदल करता येतील का?

सातारकर आर्किटेक्ट :
येतील, आणि त्यांपैकी बहुतेक आराखडा कागदावर असतानाच फुकटात होतात. आपल्याकडे दक्षिणेचे ऊन आवरणे सोपे असते, कारण २१ मार्चच्या भरदुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ७३ अंशांवर असतो आणि डिसेंबरअखेरीस ५० अंशांपर्यंत उतरतो. त्यामुळे चार फूट उंचीच्या खिडकीवर लगतच दोन फुटांचा छज्जा काढला, तर उन्हाळ्यातील दुपारी ती पूर्ण सावलीत राहते आणि थंडीत खालच्या दीडेक फुटातून ऊन आत येते. पश्चिमेचा सूर्य मात्र चारनंतर समोरून, छज्ज्याच्या खालून येतो. म्हणून दर्शनी काचांचा हट्ट सोडावा आणि जिना, न्हाणीघर, अडगळीची खोली व गाडीची जागा पश्चिमेला घेऊन झोपायच्या खोल्या पूर्वेकडे न्याव्यात.

माणदेशी :
भिंतींइतकेच छताकडेही पाहावे. माळवदावर हातभर पांढऱ्या मातीचा थर असे; आमचा पाच इंची स्लॅब दिवसभर तापून ती उष्णता रात्री आमच्याच अंगावर सोडत असे आणि मध्यरात्रीनंतरही पंखा गरम वाराच फेकत असे. पुढे गच्चीवर पांढऱ्या चायना मोझॅकचे, म्हणजे चकचकीत फरशीचे, तुकडे बसवून घेतले. पूर्वी मे महिन्यात चार वाजता वाळवण उचलायला चप्पल घालून जावे लागे, आता आई अनवाणी जाते.

कृष्णाकाठ :
विटा वाचवणाऱ्या पोकळ भिंतीविषयीही ऐकले आहे.

सातारकर आर्किटेक्ट :
तो रॅट ट्रॅप बाँड. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेला. विटा कडेवर उभ्या रचल्याने नऊ इंची भिंतीत पोकळी राहते, उष्णता सावकाश आत येते आणि सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात. मात्र त्यासाठी सरावलेला गवंडी हवा, आणि वीजवाहिन्यांच्या जागा आधीच ठरलेल्या हव्यात. मागाहून भिंत फोडणे परवडत नाही. सोलर जरूर घ्यावे : ३ किलोवॅटमधून दिवसाला सरासरी बारा युनिटांच्या आसपास वीज मिळते, केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान आहे आणि पॅनेलखालच्या स्लॅबला सावली मिळते ती वेगळीच. फक्त एक एसी पुरेल असे घर आधी होऊ द्या.

कृष्णाकाठ :
जिना पश्चिमेला नेण्यास ठेकेदार राजी झाला. पांढरी गच्ची मात्र लवकर मळते, असे तो म्हणतो.

माणदेशी :
मळतेच. आम्ही होळीच्या सुमारास खराट्याने घासून घेतो, तासाभराचे काम आहे.