जाहीर केलेला निरोप गायकांवर बंधनकारक असतो का?

अनाहत : ‘निरोपाचा कार्यक्रम ही तिकीटविक्रीची रीत आहे, रसिकांनी ती मनाला लावून घेऊ नये,’ असे परवा एकाने लिहिले आणि त्याला भराभर दाद मिळाली. मला हे मुळीच पटलेले नाही. वेस्टलाइफ या आयरिश गायकगटाने 2011 च्या ऑक्टोबरात गट थांबवत असल्याचे जाहीर केले, 23 जून 2012 रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर शेवटचा कार्यक्रम केला आणि 2019 च्या जुलैत त्याच मैदानावर ते पुन्हा गायला उभे राहिले. 2012 साली ज्यांनी डोळे पुसत ती गाणी ऐकली, त्यांच्या अश्रूंचे मोल काय राहिले? शब्द पाळता येणार नसेल, तर ‘विश्रांती घेतो आहोत’ एवढेच म्हणावे.

मध्यलय : वन डायरेक्शन या पॉप गायकगटाने नेमके तेच म्हटले होते! 31 ऑक्टोबर 2015 रोजी शेफील्डमध्ये ते गायले, तेव्हा ही तात्पुरती विश्रांती असल्याचेच सर्वांना सांगितले होते. ते वर्ष सरल्यावर ते पुन्हा एकत्र गायले नाहीत, आणि 2024 मध्ये त्यांच्यातल्या लियाम पेनचा मृत्यू झाल्यावर ती आशाही संपली. त्या रात्रीच्या श्रोत्यांना निरोप घेण्याची संधीच मिळाली नाही. परत येणाऱ्यांवर तुम्ही एवढे रागावता, पण न सांगता संपणे अधिक क्रूर आहे.

जुना श्रोता : शब्द पाळणारेही आहेत. हिलियर्ड एन्सेम्बल या चौघा गायकांच्या ब्रिटिश गटाने चाळीस वर्षांच्या गायनानंतर 20 डिसेंबर 2014 रोजी लंडनच्या विगमोर हॉलमध्ये अखेरचा कार्यक्रम केला आणि तिथेच थांबले. वाद्यांचा आधार नसलेल्या चौघांच्या गायनात एक आवाज थकला, तरी सगळा मेळ उघडा पडतो. वेळीच थांबणे हाही कलेचाच भाग आहे. मला खरा संताप येतो तो अशा कार्यक्रमांत हात उंचावून चित्रीकरण करणाऱ्यांचा. एका गायनवृंदाच्या निरोपाला माझ्यापुढे सगळे फोनच होते, आणि नंतर ते चित्रीकरण ऐकले तर खालचे आवाज जवळजवळ गायब, वरचे तेवढे फाटलेले.

मध्यलय : बीटल्सनी 29 ऑगस्ट 1966 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर आपला शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रम केला, तेव्हा तो शेवटचा आहे हे श्रोत्यांना ठाऊकच नव्हते. पॉल मॅकार्टनीच्या सांगण्यावरून त्यांचे प्रसिद्धी अधिकारी टोनी बॅरो यांनी तो ध्वनिमुद्रित केला. अखेरच्या गाण्याच्या मध्येच फीत संपली. तरीही ती अर्धवट फीत आज मोलाची वाटतेच ना?

जुना श्रोता : एकाने मुद्रण करणे आणि हजारोंनी समोरच्याची नजर अडवणे, यांत फरक आहे. तो तुम्हाला दिसत नसेल, तर वाद घालण्यात अर्थ नाही.

सांजवेळ : माझी आई समूहात गायची. तिच्या शेवटच्या कार्यक्रमाचे मागच्या रांगेतून कोणीतरी केलेले डळमळीत चित्रीकरण आमच्याकडे आहे. शेवटच्या कडव्याआधी ती शेजारच्या बाईंकडे पाहते, दोघी एकदम श्वास घेतात आणि मग सूर लागतो. आवाज फाटलेला असेल, पण तो श्वास मला दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. कोणाची नजर अडली असेल, त्यांची क्षमा मागते. ते चित्रीकरण मात्र मी पुसणार नाही.

जुना श्रोता : आपल्या आईंबद्दल मला काही म्हणायचे नाही. एवढ्यापुरते मान्य; सरसकट नाही.

अनाहत : मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. वन डायरेक्शनचे उदाहरण बिनतोड आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. पण त्यावरून दिलेला शब्द मोडण्याची मुभा निघत नाही. परत यायचे असेल तर या, मात्र आधीच्या निरोपाला आलेल्या श्रोत्यांना रंगमंचावरून दोन शब्द स्पष्टीकरणाचे देणे लागता.

मध्यलय : स्पष्टीकरणाची मागणी रास्त आहे. परतण्यावरचा आक्षेप मला अजूनही मान्य नाही.