गाय व्याल्यानंतर चार महिने होत आले, तरी माजावर येत नाही

प्रश्न (पशुपालक, कळमेश्वर)
माझ्या तीन गाईंपैकी एक जर्सी संकरित गाय फेब्रुवारीच्या अखेरीस तिसऱ्यांदा व्याली. जार दोन दिवस अडकली होती आणि शेवटी हाताने ओढून काढावी लागली. एप्रिलमध्ये ती रोज 14 लिटर दूध देत होती, आता 9 लिटर देते. मात्र ती माजावर आलेली मला अजून दिसलेली नाही. हिरवा चारा एप्रिलमध्येच संपल्यामुळे सोयाबीनचे कुटार आणि सरकीची ढेप एवढाच आहार आहे. माजावर आणणारे इंजेक्शन द्या, असे गावात सगळे सांगतात. ते द्यावे का?

उत्तर (पशुवैद्यक, काटोल)
कृपया तपासणीशिवाय देऊ नका. यासाठी सर्रास वापरले जाणारे प्रोस्टाग्लँडिन बीजांडकोशावर पीतपिंड (स्त्रीबीज सुटल्यावर तिथे तयार होणारी पिवळी गाठ) असेल तरच काम करते, आणि गाय आपल्या नकळत मोकाट वळूकडून गाभण राहिली असेल, तर त्याच इंजेक्शनाने गर्भपात होऊ शकतो.

जार साधारणपणे 12 तासांत आपोआप पडते. ती ओढून काढली की गर्भाशयाला इजा होते, जंतुसंसर्ग होतो आणि एरवी सुमारे 40 ते 45 दिवसांत पूर्ववत होणारे गर्भाशय पू धरून राहू शकते. शेपटीला पांढुरका किंवा दुर्गंधीयुक्त स्राव लागलेला आहे का, हे आजच पाहा.

त्याहून मोठे कारण मला विण्याच्या महिन्यात दिसते. व्याल्यावर सहा ते आठ आठवड्यांत दूध सर्वाधिक होते, पण गाईची भूक तितक्या लवकर वाढत नाही. मधली तूट ती अंगावरच्या चरबीतून भरून काढते, आणि ही तूट मोठी असली की मेंदूकडून बीजांडकोशाला मिळणारे संप्रेरकांचे संकेत मंदावतात व स्त्रीबीज पक्व होऊन सुटत नाही. आपल्या गाईचा हा काळ नेमका एप्रिलमध्ये, हिरवा चारा संपताना आला, आणि पाठोपाठ मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हाने तिचे खाणे आणखी कमी केले असणार. कुटाराने पोट भरते, ऊर्जेची तूट भरत नाही. मक्याचा भरडा सुरू करून हळूहळू वाढवा, कारण एकदम वाढवल्यास पोटात आम्लता होते. सोबत रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या.

उत्तर (पशुपालक, हिंगणा)
भाऊ, आपली गाय रात्रीतून माजावर येऊन जात असण्याचीही शक्यता आहे. उन्हाळ्यात माज कमी वेळ टिकतो, शिवाय खुंट्याला बांधलेली गाय दुसरीवर चढून माज दाखवू शकत नाही. मी रात्री दहाला आणि पहाटे पाचला गोठ्यात जाऊ लागले, तेव्हा गाय बसली होती त्या जागी काचेसारखा सोट (माजाचा चिकट, पारदर्शक स्राव) पडलेला दिसला; तोवर अडीच महिने वाया गेले होते. सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्यावे. तारीख कॅलेंडरवर लिहून 18 ते 24 दिवसांनी पुन्हा नजर ठेवावी.

मूळ प्रश्नकर्ता
आपणा दोघांचा आभारी आहे. काल तपासणी झाली. गाय गाभण नाही. उजव्या बीजांडकोशावर पीतपिंड आहे, म्हणजे निदान एकदा स्त्रीबीज सुटले आणि मला ते कळले नाही. गर्भाशयात थोडा पू आहे. पीतपिंड असल्यामुळे डॉक्टरांनी तेच इंजेक्शन दिले, त्याने गर्भाशयही स्वच्छ होण्यास मदत होईल. मात्र या माजाला रेतन न करता पुढच्या माजाची वाट पाहण्यास सांगितले आहे. दुसरी गाय ऑगस्टच्या अखेरीस व्यायची आहे. तिचे दूध आजपासून आटवायला घेतले आहे, आणि तिची जार मी कोणालाही ओढू देणार नाही.